ताक फुकट, तूप विकत

त्या साली पाऊस जायचं नावच घेईना. दसरा उलटला तरी तो कुडपणचा डोंगर सोडीना आणि कापणीला आलेली नाचणी उभ्या उभ्या काळी पडली. जी काही हाती लागली ती झोडपून, वाळवून कणगीत भरली, तेव्हा साळूबाईनं वरून हात घातला आणि तो सरळ बुडाला टेकला.

"शिमग्यापवतर पुरंल," ती म्हणाली. "म्होरलं देव जाणं."

घरात माणसं चार. साळूबाई, तिचा धाकटा मुलगा चांगू, त्याची गेल्या वैशाखात आणलेली बायको आवडी आणि थोरली सून राहीबाई. राहीबाईचा नवरा मालोजी मुंबईला गिरणीत होता. दिवाळीनंतर वाडीतला एक गडी मुंबईहून आला, त्यानं मालोजीचा निरोप आणला. शिमग्याला येतो, जाताना चांगूला घेऊन जातो, कामावर लावून घेणाऱ्या जॉबरशी बोलून ठेवलंय.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कुडपणात पोराला मिसरूड फुटलं की घरचे त्याला मुंबईच्या वाटेला लावायचे. पण आवडीला ते मानवेना. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या जावेला बघत होती. राहीबाईचा नवरा वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. बाकीचं वर्षभर त्याचा कोट खुंटीला लटकलेला असायचा. राहीबाई तो अधूनमधून काढायची, उन्हात धरायची, झटकायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. आवडीला कोट नको होता, तिला नवरा हवा होता.

संध्याकाळी चांगू म्हैस पिळत होता तेव्हा तिनं सांगून टाकलं.

"अवो, मी तुमाला मुंबईला जाऊ देयाची नाय."

चांगूचा हात चुकला. म्हशीनं लाथ झाडली आणि चरवी थोडक्यात वाचली.

"मंग खायाचं काय?"

"तूप."

"नुसतं तूप खायाचं व्हय?"

"इकायचं. दोन म्हशी दुभत्या हायत. तूप इकायचं आनि दाणं घ्यायाचं."

आवडीचं माहेर सव. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत आणि हात-पाय धरलेली माणसं लांबलांबून अंघोळीला येतात. आवडीनं शाळेचं दार पाहिलं नव्हतं, पण परकर घालायला लागल्यापासून ती कुंडाच्या कडेला नारळ आणि शेंगा घेऊन बसायची. गिऱ्हाईक अंघोळीच्या आधी कुरकुरतं आणि अंघोळीनंतर मऊ पडतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात आणि बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, असं तिचा बाप म्हणायचा. आवडी बोलणारी होती. चांगूची मात्र गव्हातसुद्धा बोंब होती.

साळूबाईला आधी हसू आलं. मग तिनं सुनेला चुलीपुढं बसवलं. लोणी कढत होतं आणि आवडी पातेल्यात डोकावत होती.

"डोळं कशाला लावतंस गो त्यात? कान दे. तडतडतंय तवर पानी हाय. गप झालं की उतरव. बघत बसशील तर करपंल."

आवडीनं कान दिला. पहिलं तूप करपलं, दुसरं कच्चं राहिलं. नंतर कधीतरी ते असं रवाळ उतरलं की साळूबाईनं बोट चाटून मान हलवली. साळूबाईची मान हलणं म्हणजे दुसऱ्या सासवांनी पाटली करून देण्यापैकी होतं.

"येक ध्यानात ठेव," ती म्हणाली. "तूप ईक, लोणी ईक, पन ताक इकायचं नाय. ताक इकलं की म्हस आटते. मागंल त्याला ताक द्यायाचं."

सवला असली काही बंधनं नव्हती. पण आवडीनं मान डोलावली, कारण म्हैस आटली तर सगळंच आटणार होतं.

चांगू पहिल्यांदा एकटाच महाडला गेला. तुपाचं मडकं डोक्यावर घेऊन तो डोंगर उतरला, पोलादपूर मागं टाकलं आणि बाजारपेठेत खानावळ चालवणाऱ्या आनंदीबाईंच्या दारात उभा राहिला. आनंदीबाईंनी तळहाताच्या मागं तुपाचा ठिपका घेतला, चोळला, हुंगला आणि विचारलं, "छान आहे हो. काय घेशील याचं?"

चांगू म्हणाला, "असू द्या. घरचंच हाय."

आता यात चांगूचं काही चुकलं असं कुडपणातलं कुणी म्हणणार नाही. डोंगरात देण्याघेण्याची रीतच तशी. विचारणाऱ्यानं विचारायचं, देणाऱ्यानं "असू द्या, घरचंच हाय" म्हणायचं. मग विचारणाऱ्यानं "तसं कसं, तसं कसं" करायचं, देणाऱ्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि दोघांचाही मान राहिला की मग खरा भाव काढायचा. पण आनंदीबाई महाडच्या होत्या. त्या म्हणाल्या, "देव तुझं भलं करो रे बाबा." मडकं आत गेलं आणि स्वच्छ धुऊन बाहेर आलं. वर त्यांनी चांगूच्या पंच्यात मूठभर पोहे घातले.

चांगू बराच वेळ पायरीवर उभा राहिला. "तसं कसं" म्हणायला कुणीतरी येईल असं त्याला वाटत होतं. मग तो पोहे खात परत आला.

आवडी आधी रडली आणि मग तिला हसू आवरेना. साळूबाईनं पोराची बाजू घेतली. "तो काय वंगाळ बोलला? आपल्यात असंच बोलत्यात."

"आपल्यात बोलत्यात, आत्याबाय. महाडात नाय बोलत."

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात चांगूची शाळा सुरू झाली. मास्तरीण आवडी, गिऱ्हाईक म्हैस.

"ही इचारत्ये, तूप कसं दिलंस? सांगा."

चांगूनं म्हशीकडं बघितलं. म्हशीनं चांगूकडं बघितलं.

"म्हशीला काय सांगायचं?"

"म्हशीला सांगाया जीभ उचलत नाय, तर बाईमानसाला काय सांगाल? भाव सांगा आनि गप ऱ्हावा. म्होरं कायबी बोलायचं नाय."

त्यानं भाव सांगितला, पण लगेच "तुमच्या मनाला येईल तसं" हे शेपूट जोडलं. आवडीनं कपाळावर हात मारला. राहीबाई शेण गोळा करता करता इतकी हसली की तिची पाटी कलंडली. त्या घरात राहीबाई हसल्याचं साळूबाईला बरेच दिवस आठवत नव्हतं, म्हणून तीही गोठ्याच्या दारात येऊन बसली आणि गिऱ्हाईक झाली. ती म्हशीपेक्षा वाईट निघाली. घासाघीस करून तिनं पोराला घाम फोडला. पण असं करता करता चांगू शेपटाशिवाय भाव सांगायला शिकला. सांगताना तो खाली बघायचा, एवढंच.

पुढच्या खेपेला आवडीही बरोबर निघाली. चांगूच्या डोक्यावर तूप, तिच्या डोक्यावर वाटेत प्यायला ताकाचं मडकं. पायवाट उतरून ती दोघं घाटातल्या सडकेला लागली. एका वळणावर महाबळेश्वराला जाणारी मोटार तोंडातून वाफ सोडत उभी होती. उतारू उन्हात पदरानं, टोप्यांनी वारा घेत होते आणि मुरारी ड्रायव्हर रिकामा डबा हातात घेऊन सगळ्या डोंगराला शिव्या देत होता.

"ए भाऊ, इथं पाणी कुठं आहे?"

"हाय की," चांगू म्हणाला. "त्या दरडीमागं झरा हाय."

तो डबा घेऊन गेला. तेवढ्यात आवडीनं मडकं उतरवलं आणि लोट्यानं ताक द्यायला सुरुवात केली. उन्हात तापलेली माणसं ती. एकेकानं दोन दोनदा मागून घेतलं. छत्रीवाल्या एका बाईंनी विचारलं, "किती झाले गं?"

आवडीचं तोंड उघडलं होतं. सवची लेक ती, जिभेवर भाव आलासुद्धा. पण तिला सासू आठवली, म्हैस आठवली.

"ताक आमी इकत नाय, बाय."

बाई अवघडल्या. त्यांच्या यजमानांनी तर रिकामा लोटा हातात धरून इकडंतिकडं बघितलं. फुकट पोटात गेलेलं ताक माणसाला नीट बसू देत नाही.

"मग त्या दुसऱ्या मडक्यात काय आहे?"

"तूप."

चांगू पाणी घेऊन आला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं खाली बघितलं, सडकेच्या खडीला भाव सांगितला आणि दात आवळून गप्प राहिला. कुणी "तसं कसं" म्हटलं नाही, कुणी भांडलंही नाही. छत्रीवाल्या बाईंनी फिरकीचा तांब्या रिकामा केला, एकानं डब्यातले लाडू उपरण्यात ओतून डबा पुढं केला. मोटार हलली तेव्हा तुपाच्या मडक्याला नुसता वास उरला होता.

चांगू महाडच्या दिशेनं चालायला लागला.

"कुटं निगालात?" आवडीनं विचारलं.

"बाजाराला."

"काय घेऊन?"

तो थांबला आणि हसायला लागला. आवडी सडकेच्या कडेला बसली होती आणि वळणाकडं बघत होती. "बाजारच मोटारीत बसून वर येतोय," ती म्हणाली. "आपून कशाला पाय मोडायाचं?"

त्या वळणावर त्यांनी चार मेढी पुरून वर कारवीच्या काठ्या आणि गवत टाकलं. घासलेटचे डबे मागून आणले. मोटारीची वेळ झाली की चांगू झऱ्यावरून पाणी आणून डबे भरून ठेवायचा. मुरारी आधी कुठंही थांबायचा, पण आयतं पाणी आणि सावली मिळाल्यावर तो दुसरीकडं कशाला थांबेल? त्याचं बघून बाकीचे ड्रायव्हरही तिथंच थांबायला लागले. मोटारीचं अंग कसं असतं ते चांगू मुरारीकडून शिकला. पहिल्याच आठवड्यात त्यानं तापलेल्या मोटारीच्या पाण्याचं टोपण हातानं उघडलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला. मुरारीनं शिव्या देत देत त्याच्या हाताला त्याचंच तूप चोळलं. "ती फुसफुसते तोवर तिच्या तोंडाला जायचं नाही. बायकोचं कळतं ना? तसंच."

चांगूला हमालासारखी हाक मारणारेही भेटले. "ए पाणीवाला" म्हणत कुणी चिखलाचे बूट पुढं करायचे, धू म्हणायचे. चांगू ते धुवायचा आणि मग दिवसभर आवडीशी बोलायचा नाही. आवडी त्याला बोलतं करायचा प्रयत्न करायची नाही. त्याच्या भाकरीवर तूप जरा जास्त घालायची.

वाडीतल्या बायकाही मग आपलं लोणी साळूबाईकडं आणून द्यायला लागल्या. साळूबाई वास घेऊन निवडायची. म्हातारीच्या नाकाला वाडी घाबरायला लागली. राहीबाई रोज ताक घेऊन खाली यायची. उतारूंशी बोलायला आधी ती लाजायची, पण माघ सरता सरता कुणाच्या पोराचं नाव काय आणि कुणाचे गुडघे कसे आहेत, हे सगळं तिला ठाऊक झालं. कणगीत आता पोलादपूरहून आणलेले तांदूळ होते.

शिमगा आला आणि त्याच वळणावर मुरारीच्या मोटारीतून मालोजी उतरला. बरोबर वाडीतले दोघे गिरणीवाले. मालोजीच्या डोक्याला तेल, पायांत बूट, गळ्यात रुमाल. उतरल्या उतरल्या त्याला दिसलं ते असं: भाऊ गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन्ही हातांत डबे घेऊन मोटारीला पाणी पाजतोय, आणि बायको व भावजय परक्या माणसांना फुकट ताक वाटतायत.

दोस्तांपुढं त्याचा चेहरा उतरला. "ये क्या तमाशा लगाया?" तो म्हणाला. "आमच्या मिलमधी झाडूवालाबी असलं काम करत नाय."

चांगूनं डबे खाली ठेवले. इतक्या दिवसांत प्रथमच त्याला आपल्या चिखलाच्या पायांची लाज वाटली.

होळी पेटली, पालखी नाचली, पण मालोजीचा विचार बदलला नाही. उलट त्यानं एक दिवस मांडवात बसून सगळ्यांना धंदा शिकवायचं ठरवलं. "मुंबईला पानीबी इकत भेटतं," म्हणत त्यानं ताकाला भाव लावला. उतारूंनी मुकाट्यानं पैसा टाकला, ताक प्यायलं आणि मोटारीत जाऊन बसले. तुपाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पैसे टाकून झाल्यावर कुणाला कुणाचं मिंधं वाटायचं कारण उरलं नव्हतं. संध्याकाळी साळूबाईला कळलं तेव्हा तिनं तरण्याताठ्या मुलाला ते पैसे देवळात टाकून यायला लावलं आणि तोवर ताट वाढलं नाही.

मालोजी जेवताना नरमला, पण एवढंच म्हणाला, "येक दिस तूप खपंल, येक दिस नाय. पगार म्हंजे पगार. परवा निगायचं, चांगू."

थोरल्या भावापुढं बोलायची त्या घरात रीत नव्हती. आवडीलाही दिरापुढं तोंड उघडायची सोय नव्हती. घरभर बोलणारी पोरगी ती, पण त्या दोन दिवसांत तिनं भांडी तेवढी आपटली.

जायच्या दिवशी सगळे वळणावर आले. चांगूच्या अंगात मालोजीनं आणलेला नवा सदरा होता. महाडकडं उतरणारी मोटार आली आणि मुरारीनं ती थांबवली. उतारावर ब्रेक दाबून दाबून चाकं तापली होती. चांगूचं बोचकं टपावर चढलं. तो आत बसला. आवडी मांडवाच्या मेढीला धरून उभी राहिली. तिला रडायचं नव्हतं. तिनं लोटा भरला आणि पहिल्या उतारूला ताक दिलं, पण तिची नजर मोटारीच्या खिडकीवर होती आणि अर्धं ताक त्या माणसाच्या धोतरावर गेलं.

"पाणी रे!" मुरारी सवयीनं ओरडला.

चांगू नव्या सदऱ्यासकट खाली उतरला, डबे उचलले आणि चाकांवर पाणी ओतायला लागला. वाफेनं सदरा भिजला. मालोजी बघत होता.

वरून आलेल्या उतारूंत महाबळेश्वरी बोर्डिंग चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी ताक घेतलं, तूप चाखलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "उन्हाळाभर माझ्याकडं साहेब लोक असतात. दर आठवड्याला मला एवढं मडकं लागेल. पण सांगितलेल्या दिवशी वर पोचवायला हवं. कोण आणून देईल?"

आवडीनं चांगूकडं बघितलं, चांगूनं हातातल्या डब्याकडं आणि मग भावाकडं. मोटारीत नुसतं ठेवून धाडलेलं मडकं धड पोचेल याचा भरवसा नव्हता, आणि घाट चढून ते वर न्यायचं काम बायकांच्यानं होणारं नव्हतं. गृहस्थ वाट बघून चष्मा खाली घ्यायला लागले.

तेव्हा राहीबाई बोलली. नवऱ्याशी चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. मान खालीच होती, पण शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"या घरातला येक तरी गडी घरात ऱ्हाऊंद्यात."

मालोजीनं बायकोकडं बघितलं. मग तो चाकावर पाय देऊन टपावर चढला, चांगूचं बोचकं उचललं आणि खाली मांडवात फेकलं.

"हा आणील," तो त्या गृहस्थांना म्हणाला. "माझा भाऊस हाय. ज्या दिशी सांगाल त्या दिशी आणील."

आवडीनं पदर तोंडात कोंबला. चांगू तसाच ओल्या सदऱ्यानं, दोन्ही हातांत डबे घेऊन खुळ्यासारखा हसत उभा होता. मालोजी खाली उतरला आणि रुमालानं तोंड पुसत कुणाकडंही न बघता म्हणाला, "आनि येक बरणी मलाबी दे. चाळीत सगळी आपल्याकडचीच मानसं हायत. हातोहात खपंल."

आवडीनं सगळ्यांत मोठी बरणी काठोकाठ भरली, वर फडकं बांधलं आणि दिराच्या हातात दिली. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"भावोजी, रिकामी बरणी कुनाच्या हाती धाडू नगा. सरली की तुमी सोता घेऊन या."

मालोजी बरणी मांडीवर घेऊन बसला. मोटार वळणाआड गेली, तिचा आवाज खालच्या दरीत ऐकू येत राहिला आणि मग तोही थांबला. मडकं कोणत्या वारी पोचवायचं ते गृहस्थांना विचारायचंच राहिलं म्हणून चांगू हळहळत होता. राहीबाई सडकेच्या मध्यावर उभी होती. धूळ बसेपर्यंत ती हलली नाही. मग मांडवात येऊन तिनं लोटे गोळा केले आणि जावेला म्हणाली,

"ल्हान बरणी द्यायाची व्हतीस गो. येगीन सरली असती."